आपत्ती येण्याआधी मिळणारी सरकारी मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर ओसरला की पंचनामे होतात, यादी लागते, मदत जाहीर होते. हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण पुढच्या पुरात तेवढी घरं पडू नयेत, तेवढी माणसं जाऊ नयेत म्हणूनही सरकारी पैसा असतो आणि तो मागावा लागतो, हे फार थोड्या वस्त्यांना माहीत असतं. खालचे प्रश्न या दुसऱ्या मदतीबद्दलचे आहेत.

ही मदत म्हणजे नुकसानभरपाईच ना?

नाही. नुकसानभरपाई झालेल्या नुकसानासाठी असते, ही मदत होऊ घातलेल्या नुकसानासाठी. पडलेलं घर उभं करायला मिळालेले पैसे म्हणजे भरपाई. तेच घर पडण्याआधी मजबूत करायला मिळालेले पैसे म्हणजे धोका कमी करण्याची मदत. भारतातल्या सरकारी कागदांत पहिल्याला ‘प्रतिसाद’ आणि दुसऱ्याला ‘सौम्यीकरण’ म्हणतात. शब्द जड आहे, पण लक्षात ठेवा. कचेरीत चौकशी करताना ‘आपत्तीची मदत’ एवढंच म्हटलंत तर तुम्हाला बहुतेक वेळा भरपाईच्या टेबलाकडे पाठवलं जाईल.

दोन्हींची खाती, नियम आणि अर्ज वेगळे असतात. भरपाई व्यक्तीला किंवा कुटुंबाला मिळते. सौम्यीकरणाचा पैसा बहुतेक देशांत एखाद्या कामासाठी, म्हणजे प्रकल्पासाठी मिळतो, आणि तो गावाच्या, शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नावाने येतो.

निसर्गापुढे कुणाचं काय चालणार? आधी खर्च करून खरंच फरक पडतो का?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलं आणि सुमारे दहा हजार माणसं मेली. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं, किनाऱ्यालगत बहुउद्देशीय निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी रंगीत तालीम घ्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. २०१९ च्या फनीमध्ये बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. राज्यात ६४ जण दगावले. घरं, झाडं, विजेचे खांब दोन्ही वेळा प्रचंड प्रमाणात पडले. वारा काही कमी झाला नव्हता. वाऱ्याच्या वाटेत माणसं नव्हती.

बांगलादेशची कथा याहून जुनी. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली असा अंदाज आहे. पुढे सरकार आणि रेड क्रेसेंट यांनी मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा केला. आज त्यात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, सायकलवरून भोंगा घेऊन दारोदार जाणारे. मृतांची संख्या पुढच्या दशकांत लाखांवरून हजारांवर आणि अलीकडे अनेकदा दहा-वीसवर आली.

भूकंपाचंही तेच. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. पुढच्याच महिन्यात चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा, म्हणजे कितीतरी पट अधिक ऊर्जेचा भूकंप झाला. तिथे भूकंप आणि त्सुनामी मिळून सुमारे सव्वापाचशे माणसं मेली. चिलीचा केंद्रबिंदू समुद्रात होता आणि हैतीचा दाट वस्तीच्या राजधानीजवळ, हा फरक खराच. पण चिलीत बांधकामाचे कडक नियम अनेक दशकं नुसते कागदावर नव्हते, ते पाळले जात होते. सरकारी मदत म्हणजे दर वेळी पैसाच असतो असं नाही. नियम आणि तो पाळला जातोय का हे तपासणारा अभियंता, हीसुद्धा मदतच.

एवढा फायदा असेल तर सरकारं आधीच खर्च का करत नाहीत?

कारण न झालेलं नुकसान दिसत नाही. अमेरिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास करून अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा यांनी २००९ मध्ये दाखवलं की आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना मतदार मतं देतात, आपत्तीआधी सज्जतेवर खर्च करणाऱ्यांना देत नाहीत. त्याच अभ्यासात सज्जतेवरच्या एका डॉलरने पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान टळतं असा हिशेब आहे. म्हणजे शहाणपणाच्या खर्चाला मतं नाहीत, आणि वरातीमागून नाचवलेल्या घोड्याला आहेत.

तरीही काही माणसांनी तो खर्च केला. जपानच्या फुदाई गावचे प्रमुख कोतोकु वामुरा यांनी १९३३ ची त्सुनामी पाहिली होती. गावाच्या तोंडाशी साडेपंधरा मीटर उंचीचा पूरदरवाजा हवा, असा त्यांनी आग्रह धरला. एवढी उंची कशाला, एवढा पैसा कशाला, अशी टीका झाली. दरवाजा १९८४ मध्ये पूर्ण झाला, वामुरा १९९७ मध्ये वारले. २०११ ची त्सुनामी आली तेव्हा शेजारची गावं वाहून गेली, फुदाईची घरं उभी राहिली. त्यानंतर लोक त्यांच्या समाधीवर जाऊन आभार मानून आले.

कॅनडातल्या विनिपेग शहराभोवती रेड नदीचं पाणी वळवणारा कालवा १९६२ ते १९६८ या काळात खोदला गेला. खर्च सुमारे सहा कोटी तीस लाख कॅनेडियन डॉलर. मॅनिटोबा प्रांताच्या सरकारचे तेव्हाचे प्रमुख डफ रॉब्लिन यांच्या नावाने लोक त्याला ‘डफचा खड्डा’ म्हणून हिणवत. १९९७ च्या महापुरात त्याच कालव्याने शहर वाचवलं.

वस्तीने मागणी लावून धरली तर राजकीय गणित बदलू शकतं, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ. न मागता मिळणारी मदत भरपाईची असते.

हा पैसा येतो कुठून?

प्रत्येक देशाची रीत वेगळी. भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सौम्यीकरण निधीची तरतूद होती, पण त्यात पैसा यायला बराच काळ गेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले आणि त्यातला २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी वेगळा काढला. बहुतेक राज्यांत त्यातले ७५ टक्के केंद्र देतं, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांत ९० टक्के.

अमेरिकेत एखादी मोठी आपत्ती राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केली की मदतीच्या एकूण रकमेच्या प्रमाणात सौम्यीकरणाचा निधीही खुला होऊ शकतो. कामाच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा संघ सरकार उचलतं. फ्रान्सने १९९५ पासून बार्निए निधी चालवला आहे. विम्याच्या हप्त्यांवरच्या अधिभारातून त्याची सुरुवात झाली. ज्याने घराचा विमा काढला, त्याने नकळत कुणाच्या तरी धोक्याच्या घराच्या स्थलांतराला हातभार लावला. मला ही व्यवस्था फार न्याय्य वाटते.

निधी कायमचा असतो असं मात्र समजू नका. मेक्सिकोने १९९६ पासून चालवलेला आपत्ती निधी २०२० मध्ये मोडीत काढला. अमेरिकेने आपत्तीआधीच्या कामांचा एक मोठा कार्यक्रम २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं नाही.

मी एकटा माणूस अर्ज करू शकतो का?

सहसा नाही. स्थानिक संस्था अर्ज करते आणि तुमचं घर तिच्या प्रकल्पात येतं. अमेरिकेत घराचं जोतं उंच करायचं असलं तरी मालकाला आधी आपल्या स्थानिक सरकारकडेच जावं लागतं. म्हणून पहिला दरवाजा नेहमी तुमच्या सर्वांत जवळच्या निवडून आलेल्या संस्थेचा. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा दहा घरांनी मिळून जा. एकाच गल्लीतली दहा घरं हा प्रकल्प होतो, एक घर ही तक्रार होते.

आमच्या वस्तीला नेमका कशाचा धोका आहे, हे कसं कळणार?

सरकारी नकाशांपासून सुरुवात करा : पूररेषा, दरडप्रवण क्षेत्र, भूकंपक्षेत्र. मग नकाशा बाजूला ठेवून वस्तीत फिरा. कोणत्या वर्षी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हे वयस्कर माणसांना विचारा आणि लिहून काढा. प्रत्येक पुराची उंची भिंतीवर तारखेसह रंगवून ठेवा; अर्जाला जोडायला तोच पुरावा सर्वांत भक्कम ठरतो. डोंगराखाली राहत असाल तर उतारावर नव्या भेगा पडल्यात का, झाडं किंवा खांब कलू लागलेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय किंवा आटलंय का, दारं-खिडक्या चौकटीत अडकू लागल्यात का, याकडे लक्ष ठेवा.

नकाशात नाव नाही म्हणजे धोका नाही, असं कधीच मानू नका. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ८० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक ढिगाऱ्याखालून काढताही आली नाहीत. यादी करणाऱ्यांनी प्रत्येक उतार पाहिलेला नसतो. आपल्या वाडीचं नाव यादीत घालून घेणं, हेही मदत मागण्याचं पहिलं पाऊल आहे.

उलट बाजूने, लोकांची आठवण नकाशापेक्षा पुढे असते याचंही उदाहरण आहे. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि गाण्यांतून टिकली होती : जमीन हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळायचं. २००४ मध्ये बेटावरचे सत्तर हजारांहून अधिक लोक पळाले, सात जण मेले. तिथे यंत्र वाजलं नव्हतं.

कोणत्या कामांना पैसे मिळतात?

घराचं जोतं उंच करणं, शाळा-दवाखान्याच्या इमारती भूकंपाला टिकतील अशा मजबूत करणं, अरुंद मोऱ्या रुंद करणं, उतारावरचं पाणी वळवणारे चर आणि गटारं, वादळ निवारे, इशारा देणारी यंत्रणा, पर्जन्यमापक, धोक्याच्या जागेवरची घरं विकत घेऊन ती जागा मोकळी करणं, आणि नियोजन, अभ्यास, प्रशिक्षण. रोजच्या डागडुजीला, साचलेल्या गाळाच्या नेहमीच्या सफाईला किंवा दुसऱ्या योजनेतून व्हायला हव्या असलेल्या कामाला सहसा मिळत नाहीत.

आम्हाला भिंत हवी आहे. एकदा बांध घातला की काळजी मिटेल ना?

भिंत कधीकधी लागतेच, फुदाईची गोष्ट वर सांगितली. आता त्याच किनाऱ्यावरच्या तारोची सांगतो. तारोने दहा मीटर उंच भिंती उभारल्या होत्या, त्या पाहायला लांबून अभ्यासक येत. २०११ च्या लाटा त्यांच्यावरून आल्या. भिंतीमागे आपण सुरक्षित आहोत या भरवशावर काही जण पळालेच नाहीत.

अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी हे १९४० च्या दशकातच मांडलं होतं : बांध झाला की त्यामागे लोक अधिक घरं बांधतात, आणि बांधाच्या क्षमतेपलीकडचा पूर आला की पूर्वीपेक्षा मोठं नुकसान होतं. म्हणून अर्ज करतानाच विचारा, ही भिंत किती मोठ्या पुरासाठी आहे? त्याहून मोठा आला तर आम्ही कुठल्या वाटेने, किती वेळात बाहेर पडायचं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर प्रकल्प अर्धा आहे.

नेदरलँड्सपेक्षा बांधांचा अनुभव क्वचितच कुणाला असेल. १९५३ च्या पुरात तिथे १,८३६ माणसं मेली आणि त्यानंतर त्यांनी समुद्राला अडवणारी अजस्र कामं केली. तरीही नद्यांच्या बाबतीत त्यांनी पुढे दिशा बदलली. ‘नदीला जागा’ या कार्यक्रमात तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, उपकालवे खोदले. नायमेखन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे सरकवला. ओव्हरडीप इथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच सुचवलं की आमची शेतं पुराच्या वेळी बुडू द्या, पण घरं-गोठे उंच भरावांवर हलवून द्या. सरकारने ते मान्य केलं. लोकांनी पर्याय घेऊन जाणं किती महत्त्वाचं असतं, हे यातून दिसतं.

खारफुटी, जंगल, पाणथळ जागा यांसाठी निधी मिळतो का?

मिळू लागला आहे, आणि मागावा. १९९९ च्या ओडिशातल्या वादळाच्या अभ्यासात असं आढळलं की किनारा आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथे मृत्यू कमी झाले. पण खारफुटी वाढायला वर्षं लागतात, तोवर निवारा लागतोच. आहे ती तोडू न देणं सर्वांत स्वस्त.

आमचा अर्ज का नाकारला गेला?

कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. नेहमीची कारणं तीन-चारच असतात : धोक्याचा पुरावा अपुरा, आधीचा आराखडा नाही, देखभाल कोण करणार याचा उल्लेख नाही, किंवा तुमच्या कामामुळे खालच्या वस्तीत पाणी वाढेल अशी शंका. ही दुरुस्त करता येतात.

एक कारण मात्र मुळातच अन्यायाचं आहे. अनेक देशांत खर्च आणि फायदा यांचं गुणोत्तर काढतात, आणि फायदा म्हणजे वाचलेल्या मालमत्तेची किंमत. महागड्या बंगल्यांची रांग वाचवली तर फायदा मोठा दिसतो. तेवढ्याच माणसांच्या झोपड्या वाचवल्या तर छोटा. झोपडीतल्या माणसाचं सगळंच त्या झोपडीत असतं, हे गुणोत्तराला कळत नाही. अशा वेळी अर्जात मालमत्तेपुरतं थांबू नका. किती माणसं, त्यांत किती लहान मुलं, म्हातारी, आजारी, अपंग. शाळा किती दिवस बंद राहते, रोजगार किती दिवस बुडतो, दवाखान्याची वाट किती वेळा तुटते, हे आकड्यांत मांडा. आणि नियमच बदलावा ही मागणी वेगळी, चढ्या आवाजात करा.

आमच्या संस्थेकडे स्वतःचा हिस्सा भरायला पैसे नाहीत.

हिस्सा रोखच असावा असं सगळीकडे नसतं. श्रम, जागा, साहित्य, यंत्रांचा वापर यांची किंमत बऱ्याच ठिकाणी धरली जाते. फिजीमधलं वुनिंदोंगोलोआ गाव समुद्र चढत गेल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत हलवलं गेलं. सरकारने पैसा दिला, गावाने आपल्या जंगलातलं लाकूड दिलं. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून एकच अर्ज करणं हाही मार्ग आहे, विशेषतः ओढा किंवा डोंगर सामाईक असेल तेव्हा.

सरकार आम्हाला इथून हलवू शकतं का?

तातडीच्या धोक्यात काही काळ हलवण्याचा अधिकार बहुतेक सरकारांना असतो. कायमचं स्थलांतर मात्र शक्यतो संमतीने व्हावं, आणि मदतीच्या बऱ्याच योजनांत तशी अटही असते. न्यूझीलंडमध्ये २०१०-११ च्या भूकंपांनंतर क्राइस्टचर्च परिसरातली सुमारे आठ हजार घरं सरकारने देकार देऊन विकत घेतली. कागदावर ते ऐच्छिक होतं. पण शेजारी गेले, रस्ते-पाणी थांबण्याची भीती आली, की ऐच्छिक शब्दाचा अर्थ पातळ होतो.

चांगलं स्थलांतर कसं दिसतं? अमेरिकेतलं वाल्मायर हे छोटं गाव १९९३ च्या मिसिसिपीच्या पुरानंतर जवळच्या टेकडीवर गेलं. गावकऱ्यांनी समित्या करून आखणीत भाग घेतला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. जड दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली आणि पन्नासच्या वर गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भूकंपाला टिकणारी झाली, हे मोठंच काम. पण सरळ रेषेतल्या, रुंद रस्त्यांच्या त्या आखणीत जुन्या गल्ल्या, वाडे, शेजार मावला नाही, आणि ती खंत लोक अजून सांगतात.

म्हणून होकार देण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या : नवी जागा कुणी तपासली, तिथून शेत किंवा काम किती लांब, शेजार एकत्र राहणार का, जमिनीचा कागद कुणाच्या नावाने आणि त्यात बाईचं नाव आहे का, आणि जुन्या जागेचं पुढे काय होणार. जुनी जागा मोकळी ठेवायचं बंधन नसेल तर काही वर्षांत तिथे दुसरं कुणीतरी गरीब राहायला येतं.

घराचा कागद नाही, भाड्याने राहतो. आम्हाला काही मिळतं का?

मालमत्तेवरच्या योजनांत तुम्ही बाजूला पडता, हे खरं आहे. पण निवारा, इशारा, सुटकेची वाट, सार्वजनिक गटार, शाळेची मजबुती ही कामं कागद पाहून होत नाहीत. वस्तीच्या आराखड्यात तुमची गल्ली आणि माणसांची मोजणी आली आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा.

भोंगा आणि मोबाइलवरचा इशारा असला की पुरे का?

चोवीस तास आधी इशारा मिळाला तर नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतं, असं हवामानबदलाशी जुळवून घेण्यावर काम करणाऱ्या जागतिक अनुकूलन आयोगाने २०१९ मध्ये म्हटलं. प्रत्येक माणसापर्यंत २०२७ पर्यंत इशारा पोहोचावा असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठेवलं. पण इशारा ऐकून माणूस निघतो की नाही, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १,३८,००० माणसं मेली आणि बायकांचं प्रमाण पुरुषांहून कितीतरी जास्त होतं. निवाऱ्यात वेगळी जागा नव्हती, शौचालय नव्हतं, मुलं आणि जनावरं सोडून निघवत नव्हतं. पुढचे निवारे बांधताना बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि गुरांसाठी जागा केली गेली, बाया स्वयंसेवक झाल्या. तुमच्या निवाऱ्याचा नकाशा मंजूर होण्याआधी वस्तीतल्या बायकांना तो दाखवा.

काम पूर्ण झालं, आता पुढे?

आता देखभाल, आणि खरी गळती इथेच होते. पूरदरवाजा गंजला, पंपाला डिझेल नाही, निवाऱ्याची किल्ली गावाबाहेर राहणाऱ्या माणसाकडे, भोंग्याची बॅटरी संपलेली. किल्ली कुणाकडे, डिझेलचे पैसे कुठून, दरवर्षी कोणत्या तारखेला तालीम, हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या आणि निवाऱ्याच्या भिंतीवरच लिहा.

आपत्ती नुकतीच येऊन गेली. आता उशीर झाला का?

उलट, हीच वेळ आहे. आठवणी ताज्या असतात, अधिकारी जागेवर येतात, आणि काही देशांत सौम्यीकरणाचा निधी आपत्तीनंतरच खुला होतो. पंचनाम्याच्या वेळीच पाण्याची उंची, भेगांची जागा, पडलेल्या घरांची बांधणी यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. घर होतं तसंच पुन्हा बांधायची घाई करू नका. भरपाईतून बांधताना जोतं उंच करायला किंवा भिंतींना मजबुतीचे आडवे पट्टे घालायला जोडीने काही मिळतं का, ते आधी विचारा. एकदा बांधकाम सुरू झालं की बहुतेक योजना त्या कामाला पैसे देत नाहीत. आणि अर्जाची मुदत विचाराल तेव्हा शेवटची तारीख नव्हे, कागद तयार करायला किती आठवडे लागतील ते विचारा. मोजणी आणि अभियंत्याचा अहवाल यांतच सर्वांत जास्त वेळ जातो.